जोमाचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर लॉरीवरून खाली उतरवला, तेव्हा त्याचा मालक धाकू याने त्याला एकदाही हात लावला नाही. ही गोष्ट पहिल्यांदा नंदाच्या लक्षात आली. तिचा नवरा अंबादास आणि लॉरीवरचे हमाल फळ्या टेकवून, दोर धरून ते धूड शेडमध्ये घेत होते. मालक मात्र रस्त्याच्या पलीकडे पाठ करून उभा. कचऱ्याच्या गाड्या त्याच्या अंगावर धूळ उडवून जात होत्या, तरी तो वळला नाही.

गोवंडीत, देवनारच्या डम्पिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून अंबादास साळव्याची शेड होती. मुंबईत ट्रॅक्टर दुरुस्तीला कोण आणतं, असं नवा माणूस हमखास विचारायचा. डम्पिंगवर कंत्राटदारांचे ट्रॅक्टर चालायचे, मिठागरांवर चालायचे, मानखुर्दच्या भाजीवाल्यांची पाण्याची इंजिनं बंद पडायची. खाडीवर पूल झाल्यापासून तर पनवेल-उरणकडचे शेतकरीही यायला लागले, कारण जुन्या परदेशी ट्रॅक्टरचा पार्ट मिळाला तर कुर्ल्याच्या भंगारातच मिळायचा, आणि तो घासूनपुसून बसवणारा माणूस गोवंडीत होता. अंबादास मूळचा जालन्याकडचा. सरकारी शेतीफार्मच्या वर्कशॉपमध्ये काम शिकला आणि बहात्तरच्या दुष्काळात इकडे आला. इंजिनांच्या आवाजात उभी हयात गेल्यामुळे त्याला आता कमी ऐकू यायचं. तो ते कबूल करत नसे.

पुढे शेड आणि मागे राहायची खोली, मध्ये पत्र्याची भिंत. खोलीचा दरवाजा शेडमध्येच उघडायचा. रस्त्यावर यायचं तर दुरुस्तीला लागलेल्या यंत्राच्या कडेने अंग चोरून यावं लागे. इतक्या वर्षांत त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. पण त्या वर्षी, पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, त्यांची मुलगी सुलक्षणा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची मुलगी महिन्याचीही झाली नव्हती.

नंदाने चहा केला. धाकू आत आला नाही, शेडच्या दारातच कपबशी घेऊन उभा राहिला.

"इंजिनला हात लावू नका, मिस्त्री," तो म्हणाला. "इंजिन चांगला हाय. स्टेअरिंग, गियर, बिरेक तेवढा बघा. उलटलाय त्यो."

"कुठं उलटला?" अंबादासने विचारलं.

"बांधावरनं. खाडीच्या अंगाला." त्याने बशीत चहा ओतला आणि तो तसाच ठेवला. "माजा भाऊस व्हता वरती. जोमा."

नंदा म्हणाली, "लागलं का फार?"

"मेला."

धाकूच पुढे म्हणाला, "पिऊन व्हता. सगल्या गावानं बघितला. इंजिन बोंबलत व्हता, एवढी रेस दिलेली, आनि ह्यो वरती वाकून नाचत व्हता. आमी हसलो पयले." चहा न पिताच त्याने बशी खाली ठेवली. "दुरुस्त झाला का इकून टाकीन. मना घरी नको."

तो गेल्यावर नंदाने दरवाजा लोटून घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, परत पाठवा हा."

"काहून?"

"आत बाळंतीण आहे. दाराशी हे कशाला?"

अंबादास हसला. "दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले. त्याचा पोरगा आता ट्रॅक्टरला घाबरंल व्हय?"

"मी भुताचं बोलतच नाही. त्या माणसाचं बोलते. स्वतःच्या वस्तूला हात लावत नाही तो. त्याच्या मनात काहीतरी आहे, आणि ते काय ते त्यालापण कळत नाही."

"दुःख असतं त्याला. भाऊ गेलाय."

"ते दुःख नव्हतं. भीती होती ती," नंदा म्हणाली.

अंबादासने ते ऐकलं, की ऐकू आलं नाही, कोण जाणे. तो खाली वाकून चाकांवरच्या पत्र्यांचे नट सोडवायला लागला होता.

कामाला त्याने नेहमीसारखीच सुरुवात केली. उलटताना तेल सांडून गेलेलं होतं. त्याने इंजिनात नवं तेल भरलं, पट्टी बुडवून बघितली, तेल बरोबर खुणेवर होतं. टाकी चेपली होती ती ठोकून सरळ केली, गळते का बघायला तिच्यात डिझेल भरलं. टाकी गळत नव्हती. मग त्याने मागचा आस रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर उचलून ठेवला, मागची चाकं अधांतरी केली, चाकांवरचे पत्रे काढले, ब्रेक काढून ठेवले आणि गियरबॉक्सला लागला. ट्रॅक्टरचं नाक खोलीच्या भिंतीकडे होतं.

पहिल्या आठवड्यातच सुलक्षणा म्हणाली, "आई, डिझेलचा वास वाढलाय."

वास घरात कायमच असायचा, पण ती खरं बोलत होती. उशीला यायला लागला, बाळाच्या दुपट्याला यायला लागला. नंदाने अंबादासला सांगितलं. त्याने बॅटरी घेऊन ट्रॅक्टरच्या खाली सगळीकडे बघितलं, नळ्यांचे जोड बोटाने पुसून बघितले. फरशी कोरडी होती. बोटं कोरडी होती.

"कुठंच गळत नाही," तो म्हणाला.

"मग वास कुठून येतो?"

"ट्रॅक्टर आहे नंदा. त्याला अत्तराचा वास येणार आहे काय?"

शेजारच्या मालनकाकी बाळाला बघायला आल्या तेव्हा ट्रॅक्टरकडे न बघता भिंतीला घासून आत शिरल्या. त्या राजापूरकडच्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. जाताना नंदाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय गो, पोरीक आमच्याकडे पाठव काही दिवस. ज्याच्याखाली माणूस गेलो, ता यंत्र बरा नसता." नंदाने त्यांना हसून वाटेला लावलं. पण ते शब्द तिच्या डोक्यातून गेले नाहीत.

आणि मग तिला तो आवाज ऐकू आला.

दुपारी कचऱ्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर जेवायला बसायचे तेव्हा रस्ता थोडा वेळ शांत व्हायचा. अंबादास कुर्ल्याला गेला होता. सुलक्षणा आणि बाळ झोपलेली. नंदा तांदूळ निवडत दारात बसली होती. टप. ती थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा, टप. नळाचं नव्हतं, नळाला पाणीच नव्हतं. ती उठून ट्रॅक्टरजवळ गेली. आवाज इंजिनाच्या आतून येत होता. बंद पडलेल्या, थंड लोखंडाच्या पोटात कुठेतरी काहीतरी ठिबकत होतं. तिने खाली वाकून फरशीवर हात फिरवला. कोरडी. ती उलट्या पावली खोलीत आली आणि नवरा येईपर्यंत बाळाला मांडीवर घेऊन बसली.

अंबादास आला, त्याने इंजिनाला कान लावला, बराच वेळ लावला.

"मला काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला ऐकू येतच नाही," नंदा म्हणाली. एरवी असं बोलली असती तर तो चिडला असता. पण तिचा चेहरा बघून तो इंजिनापासून मागे झाला. पुढे म्हणाला, "धाकूशेठ बोलले, इंजिन उघडू नका. मालक सांगतो तेवढं करायचं. गियर झाला की चालू करून बघतो, आणि देऊन टाकतो. मग तर झालं?"

तिला ते पटलं नाही. पण लवकर जाईल एवढ्यावर ती थांबली.

गियरबॉक्स बसवल्यावर त्याने इंजिन चालू केलं ते दुपारी, जेवणाआधी. मागची चाकं स्लीपरांवर अधांतरी, पुढच्या चाकांना दगड लावलेले. एअर क्लीनर साफ करायला काढून ठेवला होता, त्यामुळे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपचं तोंड बॉनेटच्या बाजूला उघडंच होतं. तेलाची पट्टी त्याने त्या दिवशी काढून बघितली नाही. पहिल्या दिवशी स्वतः मोजून भरलेलं तेल. बंद उभ्या इंजिनातलं तेल जाणार कुठे?

सेल्फ मारला तसं इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. अंबादासने गियर टाकला. मोठाली चाकं हवेत सावकाश फिरायला लागली, कुठेही खरखर नाही, झटका नाही. तो खूश होऊन खाली उतरला, लांब स्क्रू ड्रायव्हर गियरबॉक्सला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. असं त्याला अजूनही सगळं ऐकू येई.

इंजिनाचा सूर चढला.

त्याला वाटलं, रेसचा दांडा सरकला. त्याने बघितलं. दांडा खाली होता. सूर आणखी चढला. चाकं आता सावकाश फिरत नव्हती. त्याने पुढे होऊन इंजिन बंद करायची खुंटी ओढली. ती पूर्ण बाहेर आली, तरी इंजिन थांबलं नाही. दोनदा, तीनदा ओढली. मग डिझेलचा कॉक बंद केला. इंजिन ओरडायला लागलं. त्याने पाना घेतला आणि डिझेलची नळीच पंपापासून तोडली. राहिलेलं डिझेल त्याच्या मनगटावर सांडलं, मग थेंबही नाही. इंजिनाला डिझेल नव्हतं. आणि ते पहिल्यापेक्षा जोरात चाललं होतं.

उभ्या आयुष्यात अंबादास यंत्राला घाबरला नव्हता. यंत्राला पोट असतं, पोटात घातलेलं संपलं की ते थांबतं, एवढा साधा हिशेब तो मानत आला होता. तो हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर मोडला. धुरांड्यातून निळसर पांढरा धूर भसाभस बाहेर येऊन शेडच्या पत्र्याला लागत होता. पत्रे थरथरत होते. भिंतीवरचे पाने खिळ्यांवरून एकेक करून खाली पडत होते, आणि पडल्याचा आवाजही येत नव्हता. बॉनेटमध्ये कोणीतरी बसलंय आणि आपल्याला हसतंय, असं त्याला त्या वेळी खरोखर वाटलं. त्याचे पाय हलेनात.

मग त्याला उजव्या बाजूचा स्लीपर दिसला. चाकाच्या हादऱ्याने तो बाहेर सरकत होता.

स्लीपर सुटला तर ती चाकं, त्या वेगात, जमिनीला लागणार होती. गियर पडलेला होता. ट्रॅक्टर समोरची पत्र्याची भिंत कागदासारखी फाडून आत जाणार होता, आणि भिंतीच्या त्या बाजूला खाट होती. गियर काढायचा तर दोन उघड्या चाकांच्या मधून सीटवर चढायला हवं होतं. आणि गियर काढलाच, तर मोकळं इंजिन आणखी पळालं असतं आणि फुटलं असतं.

खोलीच्या दारात नंदा उभी होती. पोळ्या लाटता लाटता उठली होती, हाताला पीठ होतं. तिच्या मागे बाळाला छातीशी धरून सुलक्षणा. दोघींचे ओठ हलत होते, अंबादासला एक शब्द ऐकू येत नव्हता. सुलक्षणाने बाहेर यायला पाऊल टाकलं. बाहेर यायची वाट फिरत्या चाकाला चाटून होती. अंबादासने दोन्ही हात वर करून तिला मागे लोटल्यासारखं केलं. नंदाने वळून पोरीला खोलीच्या पार टोकाच्या कोपऱ्यात ढकललं.

धूर त्याच्या नाकात गेला आणि त्या वासाने त्याचं डोकं परत ताळ्यावर आलं. हा डिझेलचा धूर नव्हता. हे जळकं तेल होतं. इंजिन स्वतःचंच तेल पीत होतं. पिणं बंद करता येत नसेल तर श्वास बंद करायला हवा.

त्याने जमिनीवरचं गोणपाट उचललं, घडी करून हवेच्या पाइपच्या उघड्या तोंडावर दाबलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. मग पाइपने गोणपाट आत ओढलं. अर्धं फाटून आत गेलं, अर्धं त्याच्या हातात राहिलं, आणि आवाज पुन्हा वर गेला. त्याने तळहात लावला. हाताची कातडी आत खेचली गेली तसा तो ओरडून मागे झाला. हाताला धरेल असं काहीतरी सपाट हवं होतं, आणि पत्र्याचा तुकडा होता तो चाकाच्या पलीकडे.

नंदा दारातून सगळं बघत होती. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण त्या भोकावर काहीतरी ठेवलं की ते मरायला लागतं, एवढं तिला दिसलं. ती आत वळली, पोळपाट उचलला, तसाच पिठासकट, आणि ट्रॅक्टरच्या नाकाजवळून आत घुसून तो उलटा करून पाइपच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबला. पोळपाट खाडकन चिकटला. अंबादासने तिच्या हातांवर आपले हात ठेवले. इंजिन गचके द्यायला लागलं. त्या गचक्यांनी स्लीपर आणखी सरकला, मागचा आस एका बाजूला कलला. दोघं डोळे मिटून दाबत राहिले.

इंजिन एकदा मोठ्याने धडधडलं आणि बंद पडलं.

चाकं काही वेळ फिरत राहिली, मग थांबली. धुरात काही दिसत नव्हतं. आधी अंबादासला वाटलं आपले कान कायमचे गेले. मग बाळाचं रडणं ऐकू आलं. नंदा त्याच्याकडे न बघता खोलीत गेली, सुलक्षणाच्या खांद्याला धरून तिला बाहेर घेऊन आली आणि तशीच मालनकाकींच्या दारात जाऊन बसली. मालनकाकी काही विचारत होत्या. ती हातांवरचं पीठ पुसत राहिली.

अंबादास शेडमध्येच राहिला. आधी त्याने आसाखाली नवा ठोकळा सारला. मग इंजिनाच्या खालचा बोल्ट सोडून तेलाखाली घमेलं लावलं. घट्ट काळं तेल यायला हवं होतं. पाण्यासारखं पातळ काहीतरी धो धो आलं. घमेलं भरलं, दुसरं लावलं, तेही भरलं. वास घेतला. तेलात डिझेल होतं, तेलाहून जास्त. डिझेल ओढणारा छोटा पंप त्याने काढून उघडला, त्यातला रबरी पडदा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. एका कडेला तो फाटला होता, नखाएवढा. टाकी वरती, पंप खाली. टाकी भरल्यावर डिझेलचा कॉक अंबादासने स्वतःच उघडा ठेवला होता. तेवढ्या फटीतून डिझेल थेंब थेंब इंजिनाच्या पोटात पडत राहिलं होतं.

टप, असं नंदाने सांगितलं होतं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्याने तो पडदा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, कॉकचंसुद्धा. ती ऐकून घेत होती.

"मी आवाज ऐकला म्हटलं तेव्हा तुम्ही पट्टी काढून बघितली असती तर?"

"तर कळलं असतं."

ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सुलक्षणा आणि बाळ मालनकाकींकडेच झोपली. दुसऱ्या दिवशी अंबादासने दुसऱ्या कामाला हात लावायच्या आधी छिन्नी घेतली, खोलीचा गल्लीकडचा पत्रा कापला आणि तिथे दुसरा दरवाजा बसवला. काम करता करता तो अचानक थांबला.

"नंदा," तो म्हणाला, "तो माणूस पिऊन नव्हता."

"कोण?"

"जोमा. उलटायच्या आधी इंजिन बोंबलत होतं म्हणाले ना? त्यालाही हेच झालं. पडदा आधीच फाटलेला होता."

नंदाच्या डोळ्यांसमोर काल हात वर करून उभा असलेला तिचा नवरा आला. आवाज बंद करून लांबून बघितलं असतं तर तोही नाचतोय असंच वाटलं असतं.

"त्यांना सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं तर काय होईल माहीत आहे? धाकूशेठला आयुष्यभर झोप लागायची नाही."

"आत्ता लागते असं वाटतं तुम्हाला?"

धाकू रविवारी आला. शेडच्या दारातच थांबला. अंबादासने त्याला फाटका पडदा दाखवला, हळूहळू, एकेक गोष्ट करून सांगितली. 

"तेल वाढतंय असं कोणी बोललं होतं का?" अंबादासने विचारलं.

"जोमा बोलला व्हता. दादा, तेलाला डिझेलचा वास येतंय, बघून घे. मी बोललो, तेल घालावा लागत नाय ना, मग बोंबलतोस कशाला." तो खाली बसला. भिंतीला टेकून, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ. "त्यो वरडत व्हता मिस्त्री. आमच्या बाजूला वारा व्हता, आमाला ऐकू आला. बंद व्हत नाय, बंद व्हत नाय, असा वरडत व्हता. आमाला वाटला गाना बोलतंय."

नंदाने पाणी आणून दिलं. तो प्यायला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "उडी का नाय मारली त्यानं?"

अंबादासला उत्तर माहीत होतं. "बांधाच्या पुढं काय होतं?"

"आमची घरां," धाकू म्हणाला. "म्हून खाडीकडं वलवला त्यानं."

त्या दिवशी तो तसाच गेला. ट्रॅक्टरचं काय करायचं ते सांगून गेला नाही. अंबादासने पाइपात गेलेलं गोणपाट काढलं, तोडलेली नळी जोडली, नवा पडदा बसवला, तेल बदललं, ब्रेक जोडले, चाकं जमिनीवर आणली. इंजिन मात्र चालू केलं नाही. सेल्फच्या बटणापर्यंत त्याचा हात जायचा आणि परत यायचा. डम्पिंगचे दुसरे ट्रॅक्टर आले, त्यांची कामं त्याने केली, पण प्रत्येक इंजिन चालू करायच्या आधी तो पट्टी काढून बघायचा, पुसायचा, पुन्हा बघायचा. गिऱ्हाईकं वैतागायची. नंदा काही म्हणायची नाही.

धाकू पुन्हा आला तेव्हा बरोबर एक बाई होती. तिशीच्या आतली, काठीसारखी सरळ. चंपा, जोमाची बायको. तिनेच नवऱ्याला बाटलीची सवय लावली असं गावाने ठरवलं होतं, आणि सासरच्यांनी तिला मानखुर्दला माहेरी आणून सोडलं होतं. धाकू तिच्या मागे चार पावलं राहून चालत होता.

ती शेडमध्ये आली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला.

"दादांनी सांगितला मना," ती अंबादासला म्हणाली. "तुमचेकडं पन तसाच झाला?"

"हो."

"तुमी भ्यालात?"

अंबादासने नंदाकडे बघितलं. "पाय हलत नव्हते माझे," तो म्हणाला.

"त्यो पन भ्याला असंल," चंपा म्हणाली. "सगली बोलली, त्याला काय कललाच नाय, शुद्धीत नव्हता. तेवढाच मी मनाला सांगत व्हती. का त्याला कललाच नसंल." तिने पदराने चेहरा पुसला. रडत नव्हती. "आता काय सांगू मनाला?"

धाकू दारात खाली मान घालून उभा होता. नंदा पुढे झाली आणि चंपाचा हात धरला. चंपाने तो धरू दिला.

मग ती म्हणाली, "चालू करून दाखवा."

"नको बाई," अंबादास म्हणाला.

"मना बघायचा हाय. बंद कसा व्हतो त्यो."

तिला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने नंदाला सांगून सुलक्षणा आणि बाळाला नव्या दरवाजाने गल्लीत पाठवलं. पट्टी बघितली. गियर मोकळा आहे ना ते दोनदा बघितलं. धाकू रस्त्यावर गेला. चंपा जागची हलली नाही.

"कुठला ओढायचा?" चंपाने विचारलं.

त्याने खुंटी दाखवली. तिने ती मुठीत धरली.

त्याने सेल्फ मारला. इंजिन चालू झालं, धक् धक् करत सावकाश चालायला लागलं. अंबादासचा जीव कानात गोळा झाला होता. सूर चढतोय का, चढतोय का. सूर चढला नाही. चंपा बराच वेळ तशीच उभी राहिली, थरथरणाऱ्या बॉनेटकडे बघत. मग तिने खुंटी ओढली.

इंजिन बंद पडलं.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढंच," अंबादास म्हणाला.

तिने खुंटी सोडली आणि हात साडीला पुसला. धाकू रस्त्यावरून आत आला. "चंपे, घरी चल," तो म्हणाला. "गावात. मी सांगतो सगल्यांना."

"आधी सांगा," ती म्हणाली. "मग बघू." आणि ती मानखुर्दच्या दिशेने एकटीच चालायला लागली.

धाकू ट्रॅक्टर घेऊन गेला तो लॉरीवर घालून नाही. स्वतः चालवत गेला, पहिल्या गियरमध्ये, सारखा खाली वाकून खुंटीला हात लावत. पुलाच्या रस्त्याला लागेपर्यंत अंबादास त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत उभा होता. त्याला ऐकू येईना.

"नीट चाललाय का गं?" त्याने नंदाला विचारलं.

नंदा कान देऊन थोडा वेळ थांबली. "अजून तरी," ती म्हणाली.